सही माझीच आहे

कोल्हापूर
११ जून २०२४

अनुजा,

'चि.' लिहिलं आणि खोडलं. सव्वातीन वर्षं बोलणं नाही, आणि एकदम आशीर्वाद पाठवायचे म्हणजे तोंड कुठलं. तुझा नाशिकचा पत्ता आईच्या औषधांच्या पाकिटावर होता, तो गुपचूप उतरून घेतला. फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर काय बोलावं ते सुचलं नसतं.

एक काम आहे. तू पतसंस्थेत हिशेब बघतेस, तुला यातलं कळतं म्हणून विचारते. आमच्या शाळेतल्या एका बाईंची नवऱ्याबरोबर जॉइंट ठेव होती, पाच लाखांची. त्या ठेवीवर नवऱ्यानं ओव्हरड्राफ्ट उचलला आणि घरात सांगितलं नाही. तीन वर्षांनी ठेवीची मुदत संपली तेव्हा बाईंना कळलं. उचललेले पैसे आणि त्याचं व्याज तर गेलंच, पण बँकेनं वर कसले कसले चार्जेस लावलेत, त्याचेच चाळीस हजारांच्या वर झालेत. ते परत मागता येतात का? मागायचे तर कुणाकडे?

जमलं तर दोन ओळी लिही. नाही जमलं तरी चालेल.

आई बरी आहे. धैर्यशीलनं दोन म्हशी नव्या घेतल्यात. ऋतुराज यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जाईल.

प्रियदर्शनी

•

कोल्हापूर
३ जुलै २०२४

अनुजा,

पाकीट मिळालं. बँकेच्या तक्रारींच्या नियमांची सात छापील पानं, जागोजागी पेन्सिलच्या खुणा, आणि तुझा एक शब्द नाही. तेवढंही पाठवशील असं वाटलं नव्हतं. पहिल्या पानावर तू एका ओळीखाली दोनदा रेघ मारली आहेस: 'तक्रार ठेवीदाराने स्वतःच्या नावाने करावी.' ती रेघ बघितली आणि खुर्चीत बसले. तू ओळखलंस.

शाळेतल्या बाई म्हणजे मीच.

ठेव २७ मे रोजी पिकणार होती. आबांच्या प्लॉटचे माझ्या वाट्याला आलेले ते पैसे, तुला माहीत आहेत. ऋतुराजची फी भरायची म्हणून पावती घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "काकू, ह्याच्यावर ओडी हाय की. ते वळतं करून उरंल ते देतो." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं खातं बघत असशील बाळ. तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. वर यांचं नाव, खाली माझं. सात लाखांच्या जवळपास मिळणार होते. हातात दीड लाखसुद्धा येत नव्हते.

मी खात्याचा उतारा मागितला. तो पर्समध्ये घालून शाळेत गेले, सुट्टीतल्या जादा वर्गाचे दोन तास घेतले, एकाला शुद्धलेखनाबद्दल रागावले. संध्याकाळी हे आले. मी चहाच्या कपाशेजारी उतारा ठेवला.

यांनी बघितलं. आधी जाऊन हातपाय धुतले. मग येऊन म्हणाले, "बसून बोलू का?"

"बसा की."

"कंपनी सुटून साडेतीन वर्षं झाली."

शिरोलीतली ती फाउंड्री, अनुजा. लॉकडाऊननंतर निम्मी माणसं काढली, त्यात हे पण. नोव्हेंबर २०२०. मी विचारलं, "मग रोज डबा घेऊन कुठं जाता?"

"राजारामपुरीत एका हॉस्पिटलच्या स्टोअरला. सलाईन, सुया, हातमोजे मोजून द्यायचे. आधी दोन म्हयने काहीच नव्हतं, तवा रंकाळ्यावर बसायचो."

पगार निम्म्याहून कमी. पण घरात माझ्या हातात पहिल्या तारखेला जुन्याच पगाराएवढे पैसे यायचे. वरची रक्कम ओव्हरड्राफ्टची. दर महिन्याला चौदा हजार. गेल्या वर्षी मर्यादा संपली, मग बोटातली अंगठी विकली. मला सांगितलं होतं, वाडीला आंघोळ करताना नदीत गेली. मी दत्ताला नारळ बोलले होते त्या अंगठीसाठी.

"मला सांगायला काय झालतं?" मी विचारलं.

"पयल्या म्हयन्यात सांगणारच होतो. त्या दिवशी तू फ्रिज बघून आलीस. मग दुसऱ्या म्हयन्यात सांगायचं म्हटलं, तर पयल्या म्हयन्याचं बी सांगाय लागलं असतं."

मी रागावले नाही असं नाही. पण आवाज चढला नाही. शेजारच्या सयाजीकाकांकडे पाहुणे आले होते, भिंत एकच. आणि खरं सांगू, यांचा चेहरा बघून मला वाटलं, हा माणूस साडेतीन वर्षांत आज पहिल्यांदा टेकून बसलाय.

बारशाच्या दिवशी तुझ्या-माझ्यात जे झालं त्याबद्दल मला लिहायचं आहे. आज नको. आधी हे बँकेचं होऊ दे.

ओव्हरड्राफ्टच्या कागदावर माझी सही कशी आली हे मला ठाऊक नाही. बँकेला तोच जाब विचारणार आहे.

प्रियदर्शनी

•

कोल्हापूर
२९ जुलै २०२४

अनुजा,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. लिहिताना मला अर्धवट आठवत होतं, आणि अर्धवट आठवतं तोवर नाही म्हणता येतं, म्हणून लिहिलं.

सयाजीकाका बँकेतूनच निवृत्त झालेत, दुसऱ्या बँकेतून. त्यांनी उतारा ओळ न् ओळ वाचून दिला. व्याजाला हात लावायचा नाही म्हणाले, ते वापरलेल्या पैशाचं आहे. पण बाकीच्या नोंदींवर त्यांनी पेन्सिलनं गोल केले. दरवर्षी नूतनीकरणाचं शुल्क. मर्यादेबाहेर गेल्याचा दंड, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज. यांच्या नावानं कुठलीशी विमा पॉलिसी, तिचा हप्ता तीन वर्षं कापलाय. यांना विचारलं तर म्हणतात, "इम्याचं मला कोण बोललंच न्हाय." आणि दर सहा महिन्यांनी तपासणी शुल्क.

मूळ अर्ज बघायचा म्हणून शाखेत गेले. साहेब तरुण आहेत, बोलायला चांगले. फाईल मागवली. चार ठिकाणी सह्या, चारही माझ्या. माझ्यासारखा 'प्रि' दुसरं कोण काढणार. बघितल्या बघितल्या सगळं आठवलं. फेब्रुवारीतला रविवार होता. मी पापड लाटत होते. यांनी कागद पुढे धरले आणि म्हणाले, "केवायसी हाय, जॉइंट खात्याला दोघांची लागती." हाताला पीठ होतं म्हणून मी कोपरानं कागद दाबून सह्या केल्या. वाचल्याशिवाय सही करू नये हे मी चौथीच्या मुलांना शिकवते.

रविवारी धैर्यशील दूध संघाच्या कामासाठी आला होता, त्याला सांगावं लागलं. तू त्याला ओळखतेस. ताडकन म्हणाला, "आक्का, सही माझी न्हवंच म्हणून सांग. बँकेला घाम फुटंल. चार्जेस काय, व्याज बी सोडतील."

"मग सही कुणी केली म्हणून विचारतील की."

"ते दाजी बघतील. त्यांनीच केलंय न्हवं?"

हे तिथंच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हण तसं. मी केली म्हणून सांगतो. चौकीत जायला लागलं तर जातो. तुझे पैसे तरी येतील."

मी चार दिवस काही ठरवलं नाही. लपवत नाही तुझ्यापासून, मोह झाला. साडेतीन वर्षं मला फसवलंय, एक खोटं मी बोलले तर काय मोठं, असं मनात आलं. पाचव्या दिवशी हे डबा घेऊन निघाले, जिन्यात थांबले आणि म्हणाले, "आज जाणार हायस का बँकेत? म्हंजे मी सुट्टी टाकतो." असं म्हणाले जसं काही गॅस सिलेंडर यायचाय. मी म्हटलं, "जा तुम्ही कामावर. काय सुट्टी नको."

त्याच दुपारी तक्रार लिहिली. पहिलंच वाक्य: 'कर्जाच्या अर्जावरील सही माझीच आहे.' पुढे लिहिलं, वापरलेली रक्कम आणि तिचं व्याज आम्हाला मान्य आहे. पण ज्या शुल्कांची कल्पना दोघांपैकी एकाही खातेदाराला दिली नाही, ती परत करावीत. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, पैसे तुमच्या मिस्टरांनीच वापरलेत की."

"वापरले त्याचं व्याज दिलंय. हे तपासणी शुल्क कशाचं?"

"ते सिस्टीम लावते."

"सिस्टीमनं काय तपासलं? ठेवीची पावती तर माझ्या कपाटात होती. आमच्या घरी कोण आलं नाही."

ते हसले. मग हसायचे थांबले. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तुझ्या छापील पानांत पेन्सिलनं खूण केलेली एक ओळ होती, 'पोच घेतल्याशिवाय उठू नये.' उठले नाही.

तक्रारीची नक्कल सोबत जोडली आहे. चुकलं असेल तर सांग.

प्रियदर्शनी

•

कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२४

अनुजा,

नक्कल परत मिळाली. लाल पेननं इतकी रंगवलीस की मला माझी शाळा आठवली. 'कृपया', 'नम्र विनंती', 'उपकृत करावे' सगळं खोडलंस. समासात लिहिलंस, 'उपकार मागायचे नाहीत, पैसे मागायचे.' तीन वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी ते कात्रीनं कापून घेतलं आहे.

बँकेचं उत्तर महिन्यानं आलं. सद्भावना म्हणून चार हजार दोनशे रुपये देऊ करतोय, प्रकरण मिटलं असं लिहून द्या. हे म्हणाले, "घे की. तेवढं तरी." मी म्हटलं, तपासणीचे पैसे तपासणी न करता घेतले असतील तर सद्भावना कसली? सयाजीकाकांच्या कॉम्प्युटरवर बसून तू सुधारलेलं सगळं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं पाठवलं. प्रत्येक नोंदीची तारीख, रक्कम, आणि समोर एकच प्रश्न: हे कशाबद्दल, आणि आम्हाला कधी कळवलं? विम्याच्या अर्जाची प्रतही मागितली, यांची सही दाखवा म्हणून.

घरचं सांगते. आता यांचा खरा पगार माझ्या हातात येतो. पहिल्या महिन्यात पाकीट देताना यांनी ते उलटं धरलं होतं, आकडा दिसू नये असं. मी सुलटं केलं. रविवारी हे एका टेम्पोवर जातात, तेही आता सांगून. ऋतुराजला सगळं सांगितलं. तो फोनवर म्हणाला, "पप्पांना दे." काय बोलले माहीत नाही, मी आत गेले होते.

मी पण एक गोष्ट यांना सांगितली. दर दिवाळीत मी बायकांत बसून मोठ्यानं सांगायचे, यांच्या कंपनीनं लॉकडाऊनमध्येसुद्धा पगार पूर्ण दिला, माझ्या नवऱ्याला मान आहे तिथं. हे शेजारच्या खोलीत ऐकत असायचे. ते तीन-चार वेळा ऐकल्यावर माणूस खरं कसं सांगणार? मी हे म्हटलं तर म्हणाले, "तू काय खोटं बोलली न्हाईस. तुला जे सांगितलं, तेच तू सांगत हुतीस."

ते तसं म्हणाले. पण मला सगळंच माहीत नव्हतं, असं नाही. ते पुढच्या पत्रात लिहिते. या वेळी नक्की.

प्रियदर्शनी

•

कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

अनुजा,

मधे चार महिने गेले. पत्र तीनदा लिहून फाडलं.

आधी निकाल. बँकेनं लोकपालांपुढं मान्य केलं. विम्याच्या अर्जावर यांची सही मिळालीच नाही. तपासणी, दंडावरचं व्याज, विम्याचे हप्ते, सगळं मिळून छत्तीस हजार चारशे ऐंशी रुपये गुरुवारी खात्यावर जमा झाले. नूतनीकरणाचं शुल्क नियमात बसतं म्हणून ते दिलं नाही. शाखेतल्या साहेबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही नाकारली असती तर आम्ही हे भांडण वेगळं लढलो असतो." याचा अर्थ काय, मी विचारलं नाही.

सोबत पस्तीस हजारांचा चेक आहे, तुझ्या नावाचा. जानेवारी २०२१ मध्ये यांनी तुझ्याकडून घेतलेल्या एक लाखातले. उरलेले दर महिन्याला थोडे थोडे पाठवीन. हे चेक लिहिताना समोर होते, मीच सही करणार होते तर म्हणाले, "दोघांची करूया."

आता बारसं.

धैर्यशीलच्या मुलीचं बारसं, मार्च २०२१, आईच्या अंगणात मांडव. तू मला न्हाणीघराजवळ बाजूला घेतलंस. हळू आवाजात म्हणालीस, "आक्का, दाजींना काय अडचण हाय का? जानेवारीत माझ्याकडनं लाखभर घेतलेत, तुला सांगू नको म्हणाले. परत मागायला न्हाय आले मी, काळजी वाटली म्हणून विचारते." तू एवढंच बोललीस. मी मांडवात ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या नवऱ्यावर अजून तुझ्यापुढं हात पसरायची पाळी आली न्हाई. माझं चांगलं चाललंय ते तुला बघवत न्हाई." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आई पाळण्याची दोरी धरून तशीच उभी राहिली. तू पानावर न बसता निघालीस, पोराला कडेवर घेऊन, पन्हाळ्याच्या रस्त्याला वडापची जीप मिळेपर्यंत उन्हात उभी होतीस. मला मांडवातून दिसत होतं.

आजवर सगळ्यांना असं वाटतं की मला माहीत नव्हतं. आईला, धैर्यशीलला, यांनाही. बिचारी, नवऱ्यावर विश्वास होता, म्हणून बोलली. मीही ते तसंच राहू दिलं.

मला माहीत होतं, अनुजा. त्याच सकाळी निघताना यांचा फोन चार्जिंगला होता आणि तुझा मेसेज आला होता: 'दाजी, आक्काला सांगितलंत का? मी आज विचारू का?' मी तो वाचला. फोन परत पालथा ठेवला. कसले पैसे, कशासाठी, हे मला कळलं नव्हतं, पण तू खरं बोलते आहेस हे मला मांडवात तुझं पहिलं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. तरी ओरडले. कारण तू हळू बोललीस तरी पलीकडे झाकणं घासणाऱ्या दोघी थांबल्या होत्या, आणि त्यांनी ऐकलं असेल तर काय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. चारचौघांत मान राहावा म्हणून मी तुला खोटं पाडलं, आणि मग ते खरं मानायची मला सवय झाली.

यांनी पैशाचं लपवलं ते मला मे महिन्यात समजलं. मी काय लपवलं होतं ते मला आधीपासून ठाऊक होतं.

माफ कर असं लिहिणार नाही. तू माझ्या अर्जातले असले शब्द खोडतेस. झालं ते असं झालं, आणि चूक माझी आहे, एवढं लिहून सही करते.

प्रियदर्शनी

•

कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

अनुजा,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. यांच्या फोनवर आला. "कोण?" म्हणत उचलला आणि मग एकदम उभे राहिले. बाहेर गॅलरीत गेले. चांगला पाऊण तास बोलत होता तुम्ही. मधे एकदा हे रडले असं वाटलं, एकदा नक्की हसले. मी तीन चपात्या करपवल्या. मला वाटलं, शेवटी मला देतील फोन. आत आले तेव्हा फोन बंद करून खिशात ठेवला होता.

मग यांनी सांगितलं. चेक मिळाला. उरलेल्या पैशांची घाई नाही, ऋतुराजला नोकरी लागल्यावर बघू म्हणालीस. "दाजी, तेव्हाच मला नीट सांगितलं असतंत तर अजून दिले असते," म्हणालीस. यांना माफ केलंस. मी विचारलं, "आणि माझ्याबद्दल?" यांनी खिशातला फोन काढून चार्जिंगला लावला. मग म्हणाले, "तुझ्याबद्दल काय बोलली न्हाय. मी बी विचारलं न्हाय."

बरोबर आहे. पैसे यांनी घेतले, पण त्यांनी तुला कधी खोटं म्हटलं नव्हतं. यांच्यावर रागवून तुला तीन वर्षं झाली असतील. माझं पत्र येऊन तीन आठवडेही झाले नाहीत.

माझं ते पत्र मी यांना वाचायला दिलं होतं, पाठवायच्या आधी. तुला हे सांगायचं राहिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "म्हंजे आपण दोघं बी..." चेक पाकिटात घालायचं काम त्यांनीच केलं.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अठरा तारखेला ठरलंय. आठ दिवस ती माझ्याकडंच राहील, दवाखाना जवळ पडतो. धैर्यशील म्हणाला, तू सतरा तारखेला सकाळी पोचणार आहेस आणि चार दिवस राहणार आहेस, कुठं ते सांगितलं नाहीस. आई इथं असणार, तर तुला इथंच यावं लागेल. वरची खोली झाडून ठेवली आहे. त्या खोलीला आतून कडी आहे. तुला वाटलं तर जेवण वर पाठवीन. आईला मात्र दोघींपैकी कुणीतरी रोज सहा वेळा डोळ्यात थेंब घालायचे आहेत, ते आपण वाटून घेऊ. तू सकाळचे तीन घे, तुझे हात थरथरत नाहीत.

एवढंच विचारायचं आहे. सतरा तारखेला स्टँडवर मी येऊ की यांना पाठवू? मला लिहायला नको वाटलं तर यांना फोनवर सांग. मी येऊ नको म्हणालीस तर मी वाईट वाटून घेणार नाही, घरी राहून आईची खाट उन्हातनं आत सरकवायची आहे, ते करीन. पण ये म्हणालीस, तर मी पहाटे पाचलाच येऊन उभी राहीन. गाडी कितीला का येईना.

प्रियदर्शनी